तालीम आणि रियाज

संगीताच्या परिभाषेत ‘तालीम’ व ‘रियाज’ हे दोन्ही अरबी मुळाचे शब्द भिन्नार्थाने रूढ आहेत. रियाज एकट्याने होतो. तालीम गुरूसमोरच घ्यावी लागते. एकट्याने घोटताना चूकही घोटली जाते, कारण गाणाऱ्याचा कान तिला सरावलेला असतो. गुरूचा कान तिला तत्काळ अडवितो. गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर ह्यांना अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले ह्यांची तालीम लाभली. पण ती तुटक होती. १९२१ पासून अल्लादियाखाँनी त्यांना वर्षानुवर्षे शिकविले, तेव्हा त्यांच्या गायकीस खरी घडण आली. कुस्तीच्या आखाड्यासही मराठीत ‘तालीम’च म्हणतात, हे अन्वर्थक होय, तेथेही वस्ताद जवळ उभा असतो.