चौदा सेकंदांचं वळण

मे महिन्यात घनसावंगीच्या शिवारात पारा 43 अंशांवर गेला की विमानाच्या लेखी तिथली जमीन दीड हजार मीटर उंच होते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर! प्रत्यक्षात हा भाग समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटरवर आहे. पण पंखाला उंची कळते ती हवेच्या घनतेवरून. समुद्रकाठी 15 अंशांना एक घनमीटर हवा 1.225 किलो भरते. इथे तापून ती जेमतेम 1.06 किलो उरते.

दोन आसनी मायक्रोलाइट या हलक्या विमानाची रूढ वजनमर्यादा 450 किलो, म्हणजे साडेचार क्विंटल. दहा मीटर लांबीचे पंख ताशी 90 किलोमीटर वेगाने एवढं वजन तोलतात, तेव्हा दर सेकंदाला सुमारे वीस क्विंटल हवा खाली ढकलली जाते. हवा विरळ झाली की पंख, पंखा आणि इंजिन तिन्ही एकदम कमी पडतात. किनाऱ्यावर शंभर मीटरांत उचलणारं विमान इथे दीडशेच्या घरात धावतं.

आता समजा, टेक-ऑफनंतर 60 मीटर उंचीवर शिकाऊ वैमानिकाचं इंजिन बंद पडलं. जमीन सोडून जेमतेम वीस सेकंद झालेली. मन मागच्या धावपट्टीकडे ओढ घेतं. 30 अंश कलून मागे वळायचं तर साडेतीनशे मीटरांचं अर्धवर्तुळ, म्हणजे 14 सेकंद. भानावर यायला आणखी चार. सेकंदाला तीन मीटर उंची गेली तरी 54 मीटर संपतात. उरतात सहा मीटर, आणि विमान धावपट्टीच्या रेषेपासून 220 मीटर बाजूला!

घाईने 60 अंश कलवावं, तर ताशी 70 ला होणारा स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, 99 लाच गाठतो. वेग 90, म्हणजे पंखांचा आधारच सुटला.

25 जुलै 2022 रोजी बारामतीहून एकटीने उडालेली 22 वर्षांची प्रशिक्षणार्थी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात विमानासह कोसळली. प्रसंग वेगळा होता: टेक-ऑफ केव्हाच झालं होतं, विमानही मोठं, सेस्ना 152. ती जखमी झाली, पण वाचली; म्हणजे शेतात आदळूनही जीव वाचू शकतो.

त्याच 60 मीटरांवरून नाक खाली करून सरळ गेलं, तर समोर चारशे मीटरांहून लांब पट्टा हाती असतो. विमान मोडेल, पण वेग ताब्यात असेल तर माणूस वाचण्याची आशा राहते. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी हा निर्णय शिकाऊ मुलामुलींकडून मोठ्याने वदवून घ्यावा: इंजिन गेलं, तर सरळ पुढे. हवेत विचार करायला चार सेकंद मिळतात, जमिनीवर हवा तेवढा वेळ असतो.