जुन्या स्पोर्ट्स कारची चावी आणि स्टिअरिंगचा दांडा

पन्नास-साठच्या दशकांतल्या बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये इग्निशन स्विच डॅशबोर्डवर असे. एमजीच्या टी मालिकेत चावी फिरवून झाली, की सेल मारायला वेगळा नॉब ओढावा लागे. जॅग्वार ई-टाइपच्या सुरुवातीच्या गाड्यांत त्यासाठी बटण होते. चावी स्टिअरिंगच्या दांड्यापाशी, म्हणजे कॉलमवर आली ती मुख्यतः चोरीला आळा घालण्यासाठी. चावी काढल्यावर स्टिअरिंग अडकावे किंवा गाडी स्वतःच्या बळावर हलू नये, असा नियम अमेरिकेत १९७० पासून लागू झाला. जुनी गाडी नव्याने उभी करताना डावे स्टिअरिंग उजवीकडे घ्यायचे असते, दुसऱ्या गाडीचा कॉलम बसवायचा असतो किंवा उंच चालकाचा गुडघा चावीला लागत असतो. अशा वेळी स्विच आणि कॉलम या दोन्हींची जागा नव्याने ठरवावी लागते.

भारतात अस्सल स्पोर्ट्स कार मोजक्याच बनल्या. गोव्याची सॅन स्टॉर्म त्यांपैकी एक. मात्र स्पोर्ट्स कारची जवळची नातलग इथल्या रस्त्यांवर बरीच धावली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून बनवलेली हेराल्ड ही मूळची ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर तयार झाली. हेराल्डचा कॉलम दोन भागांचा होता. क्लॅम्प ढिला केला की तो पुढे-मागे सरकवता येई, आणि जोराचा आघात झाला तर आत सरके. त्या काळच्या कित्येक गाड्यांत कॉलम म्हणजे पुढच्या स्टिअरिंग बॉक्सपासून चालकाच्या छातीपर्यंतचा एकसंध लोखंडी दांडा असे, हे लक्षात घेतले की या साध्या रचनेचे मोल कळते.

स्विच हलवणे हे वरवर पाहता वायरमनचे अर्ध्या दिवसाचे काम. वायरी लांबवल्या, नवे भोक पाडले, झाले. धोका याच घाईत असतो. बॅटरीतून स्विचकडे येणाऱ्या वायरीला जुन्या गाडीत बहुधा फ्यूज नसतो. ब्रिटिश गाड्यांत ही वायर तपकिरी असते, इग्निशनची पांढरी, सोलेनॉइडकडे जाणारी पांढरी-लाल आणि फ्यूजमधून पुढे जाणारी हिरवी. तपकिरी वायर डॅशबोर्डच्या पत्र्यावर घासली तर आग लागायला वेळ लागत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. पन्नास वर्षांच्या वायरीवरचे आवरण अशा हवेत कडक होऊन तडकते. म्हणून खानदेशात तरी जुनीच वायर जोडून वाढवण्याऐवजी नवी, जाड वायर एकसंध ओढणे आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालणे हेच शहाणपणाचे.

दुसरा उपाय रिलेचा. १२ व्होल्टच्या गाडीत ५५ वॅटचा एक दिवा साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. दिवे, हॉर्न, पंखा असा सगळा भार चावीच्या छोट्या स्विचवरून नेला की त्याचे कॉन्टॅक्ट जळतात. रिले बसवला की स्विचला केवळ इशाऱ्यापुरता करंट वाहावा लागतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेले असते. साध्या रिलेला त्याने फरक पडत नाही, पण इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा रेडिओ मात्र उलटा जोडला जाऊन जळू शकतो.

कॉलमवरच्या लॉकसह येणारा स्विच बसवायचा असेल तर प्रश्न विजेपुरता राहत नाही. लॉकची जीभ दांड्यावरच्या खाचेत नेमकी बसावी लागते. ती तिरकी बसली किंवा झिजलेल्या लॉकमधून धक्क्याने बाहेर आली, तर चालत्या गाडीचे स्टिअरिंग अडकते. यापेक्षा भयंकर बिघाड गाडीत क्वचितच असेल. लॉक, दांडा आणि बाहेरची नळी एकाच गाडीची घ्यावी. भंगारातून तुकडे गोळा करून मेळ घालू नये.

कॉलम आखूड किंवा लांब करताना सर्वांत मोठा मोह वेल्डिंगचा. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि अशा ट्रकच्या गावात लेथ व वेल्डिंगचे कसबी कारागीर सहज भेटतात. तरीही दांडा कापून टोकाला टोक वेल्ड करणे टाळलेच पाहिजे. उष्णतेने जोडालगतच्या पोलादाचा कणखरपणा बदलतो, आणि आतली बारीक चीर रंग चढवल्यावर डोळ्यांना दिसत नाही. योग्य मार्ग म्हणजे दोन्ही टोकांचे स्प्लाइन मोजून त्याच मापाचा तयार युनिव्हर्सल जॉइंट घेणे, दांडा त्यात पूर्ण आत जाईल असे पाहणे आणि क्लॅम्पचा बोल्ट स्प्लाइनमधल्या खाचेतून आरपार नेणे. एकच जॉइंट जास्त कोनात वाकवला की चाक एकसारखे फिरत नाही, मध्येच जड-हलके लागते. दोन जॉइंट समान कोनात आणि योग्य फेजमध्ये बसवले तर हा दोष जातो, शिवाय दांड्याची सरळ रेषा मोडल्याने आघातात तो थेट छातीकडे येत नाही. मधला दांडा लांब असेल तर त्याला बेअरिंगचा आधार लागतो.

अमेरिकेतल्या १९६८ च्या नियमानुसार ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेत कॉलम मागे १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. घरगुती गॅरेजला ही चाचणी शक्य नाही, म्हणूनच आत सरकणारा मूळ भाग पिनने किंवा वेल्डने जाम करू नये. जोडणी झाल्यावर पुढची चाके उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. दांडा ब्रेकच्या पेडलला, एक्झॉस्टला किंवा वायरींना कुठे घासतो का, हॉर्नची वायर पिळवटते का आणि इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होतो का, हे तेव्हाच कळते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. स्टिअरिंगची बाजू बदलण्याआधी जळगाव किंवा धुळ्याच्या आरटीओत विचारून घ्यावे. डावे स्टिअरिंग तसेच ठेवायचे असेल, तर कलम १२० प्रमाणे इशारा देणारे चालू स्थितीतले यांत्रिक किंवा विजेवरचे साधन गाडीत लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. त्यामुळे नव्या कॉलमसाठी चासी किंवा फायरवॉल कापण्यापेक्षा मूळ भोकांचा वापर करणारा ब्रॅकेट बनवावा आणि काढलेले जुने भाग जपून ठेवावेत.