दर दोन तासांनी कूस

पुण्याजवळ खडकीला असलेले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर म्हणजे मज्जारज्जूला इजा होऊन कायमचे लुळे झालेल्या सैनिकांचे घर. १९७१ च्या युद्धातून असे अनेक जवान जखमी होऊन आले. लष्करी रुग्णालयातली खाट त्यांना जन्मभर देता येत नव्हती आणि गावाकडच्या घरात त्यांची शुश्रूषा निभणारी नव्हती. ही अडचण सोडवण्यासाठी २९ नोव्हेंबर १९७४ रोजी हे केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार विश्वस्त संस्थेकडे असून देणग्यांवर बरेच काही अवलंबून असते. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम खडकीत त्याआधीपासूनच चालू होते. लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत काढलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे इथेच हलवण्यात आली.

इथल्या प्रत्येकाला गोळी लागलेली असेल, असे बाहेरच्या माणसाला वाटते. तसे नसते. कुणाची गाडी डोंगरी रस्त्यावरून दरीत गेलेली असते, कुणी सरावात उंचावरून पडलेला असतो. इजा कमरेच्या वर झाली तर पाय जातात. मानेत झाली तर हातही जातात. कारण कोणतेही असो, पुढची पन्नास वर्षे सारखीच अवघड असतात आणि मानही सारखाच द्यायला हवा.

पहिल्या महायुद्धात असे बहुतेक जखमी लवकरच दगावत. त्यांचा जीव घेत ते शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी ही मरणे टाळता येतात हे दाखवून दिले. रुग्णाची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलायची हा त्यांच्या शिस्तीचा गाभा होता. निरोगी माणूस झोपेतही नकळत वळतो, कारण दबलेली कातडी मेंदूला कळवत राहते. मज्जारज्जू तुटला की तो निरोप पोहोचत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा यांच्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, कातडीला रक्त मिळेनासे होते आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. सकाळी दिसलेला लालसर डाग बोटाने दाबूनही फिका पडला नाही, तर आत इजा सुरू झालेली असते. दुर्लक्ष झाले तर ती हाडापर्यंत जाते आणि भरायला महिनोन्‌महिने लागतात.

म्हणून अशा केंद्राचा खरा कणा म्हणजे रात्रपाळीचा परिचर. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तो रुग्णाला ओढत नाही, उचलून वळवतो, कारण ओढताना चादरीच्या घर्षणानेही कातडी सोलते. मग तो गुडघ्यांमध्ये उशी ठेवतो, टाचा गादीवरून अधांतरी राहतील असे पाय लावतो, चादरीची सुरकुती काढतो आणि कॅथेटरची नळी कुठे मुडपली नाही ना ते पाहतो. ही शेवटची नजर फार मोलाची आहे. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर नुसते मूत्राशय तुंबल्यानेही रक्तदाब एकाएकी धोक्याच्या पातळीवर चढतो. डोके ठणकते, चेहरा घामाने डबडबतो. अशा वेळी रुग्णाला उठवून बसवणे आणि नळी मोकळी करणे हाच पहिला उपाय असतो. हे काम नीट पार पडले की दाखवण्यासारखे काहीच उरत नाही, आणि कदाचित त्यामुळेच त्याची वाखाणणी फारशी होत नाही.

रात्री अशी काळजी मिळते म्हणून दिवस उभा राहतो. हातात बळ असलेले जवान यंत्रावर विणकाम करतात, खेळतात. हातही गेलेल्यांतले काही दातांत कुंचला धरून चित्रे काढतात. अशा शरीराने काय साधता येते, हे सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी देशाला दाखवले. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले.

ऐन विशीत जखमी झालेली ही माणसे आता म्हातारी होत आहेत. वर्षानुवर्षे चाके ढकलून खांदे झिजतात आणि पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकणारा माणूस पुन्हा दुसऱ्यावर अवलंबून राहतो. हाडे ठिसूळ होतात, कातडी पातळ होते, त्यामुळे जपणूक वाढते. आईवडील गेलेले असतात, भावंडे थकलेली असतात आणि पुतण्यांना काका फोटोतून ठाऊक असतो.

इथे भेटीला येणाऱ्यांचे मोल आहे. १५ ऑगस्टला, राखीपौर्णिमेला, दिवाळीत अशा संस्थांकडे गर्दी होते. एरवीचे दिवस मात्र लांबतात. महिन्यातून एकदाच, पण ठरल्या दिवशी येणारा माणूस शंभर पेढ्यांच्या पुड्यांपेक्षा हवासा असतो. त्याने खुर्ची ओढून समोर बसावे, म्हणजे डोळ्याला डोळा भिडतो. न विचारता व्हीलचेअर ढकलू नये, तिच्यावर रेलू नये. "कसे झाले?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत टाकू नये. पलटण कोणती, गाव कोणते, यंदा पाऊस कसा झाला, इथून बोलणे आपोआप पुढे जाते.

देणगी देणाऱ्याने आधी विचारून घ्यावे. एकाच मापाच्या व्हीलचेअर आणून दिल्या तर पुष्कळदा त्या पडून राहतात. अंगाला न बसणारी खुर्ची व्रण करते. दाब विभागणारी गादी, कॅथेटर, हातमोजे, परिचराचा पगार या गोष्टी फोटोत शोभत नाहीत, पण रोज लागतात. कागदपत्रांची मदतही तितकीच मोठी आहे. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि ज्याची बोटे आखडली आहेत त्याला अंगठ्याचा ठसा देणे अवघड जाते. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता मोबाइलवर झाली आहे. ती वापरून देणारा कॉलेजचा मुलगा अर्ध्या तासात वर्षभराची काळजी मिटवतो. मग बँकेचे पत्र वाचून दाखवणे, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा फॉर्म भरणे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेप घालणे ही कामेही त्याच्याकडे येतात.