दोरी नसलेल्या बाहुल्या : ‘लिटल बॅले ट्रूप’ची गोष्ट

राम उभा आहे. आधी त्याचा खांदा वर उचलला जातो, मागोमाग कोपर येतं, पण मनगट खाली लोंबतच राहतं. एका झटक्यात मान वळते आणि तिथेच थांबते. चेहऱ्यावर रेघारेघांचा, कोनाकोनांचा मुखवटा आहे. त्यावर भाव बदलणं शक्यच नाही, म्हणून राग, दुःख, प्रेम सगळं अंगानेच सांगायचं. वरून कुणीतरी दोरी ओढतंय असा भास होतो आणि ती सैल पडली की अख्खा देह ढासळतो. प्रत्यक्षात वर दोरी नसते आणि खाली नाचणारा माणूस जिवंत असतो. कळसूत्री बाहुल्यांचं हे ‘रामायण’ १९५३ साली मुंबईत उभं राहिलं. ते बसवणाऱ्या शांती बर्धन यांचं एक फुफ्फुस तेव्हा क्षयाने गेलेलं होतं.

बर्धन यांचा जन्म १९१६ चा, पूर्व बंगालातल्या कुमिल्ल्याचा. त्रिपुरा-मणिपूरकडची नृत्यं अंगात मुरलेला हा तरुण उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात दाखल झाला. हिमालयाच्या कुशीतलं हे केंद्र जेमतेम चार-पाच वर्षं चाललं आणि पैशाअभावी १९४४ साली बंद पडलं. तेवढ्या काळात त्याने एक पिढी घडवली. तिथे शंकरन नंबुद्री कथकली शिकवत, कंदप्पा पिल्लै भरतनाट्यम आणि अमोबी सिंह मणिपुरी. संगीताला अल्लाउद्दीन खाँ होते. एकाच शैलीचं कुंपण घालून घ्यायचं नाही, आधी डोळे उघडे ठेवून माणसं पाहायची, मग हालचाल शोधायची, अशी तिथली रीत होती. गुरुदत्त तिथूनच पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये आले. झोहरा सेहगल आणि नरेंद्र शर्मा हेही त्याच अंगणातले. सचिन शंकर यांनी पुढे मुंबईत स्वतःचं ‘बॅले युनिट’ काढलं.

बर्धन मुंबईला आले ते ‘इप्टा’साठी. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची स्थापना मे १९४३ मध्ये मुंबईतच झाली होती. बंगालात दुष्काळाने माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती आणि नाच-गाण्यातून मदत गोळा करायची होती. अंधेरीत ‘इप्टा’चं मध्यवर्ती पथक राहू लागलं. कलावंतांचं जेवणखाण, तालीम, राहणं सगळं एकत्र होतं. याच पथकाने ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्यं बसवली. पंडित रविशंकर १९४५ मध्ये इथे संगीतकार म्हणून आले. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज सगळ्यांच्या ओठांवर असलेली चाल त्यांनी याच दिवसांत बांधली.

या पथकाच्या कार्यक्रमात लंबाडींचा नाचही होता. लंबाडी म्हणजे आपल्याकडचे बंजारा. खानदेशातल्या तांड्यांवर जो नाच होळीला रंगतो, त्याचाच सख्खा भाऊ मुंबईच्या रंगमंचावर दुष्काळग्रस्तांसाठी पैसे जमवत होता. त्याच सुमारास, १९४४ साली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढलं आणि तमाशाच्या जुन्या घाटात कामगाराचं, शेतकऱ्याचं दुःख भरलं. अण्णाभाऊंनी गणातून देवाऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केलं. बर्धन यांनी लोकनृत्यातली पावलं घेऊन त्यातून दुष्काळ उभा केला. दोघांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी श्रद्धा एकच होती : लोकांची कला जपून कपाटात ठेवायची नसते, तिला आजचं बोलायला लावायचं असतं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर मध्यवर्ती पथक विस्कटलं. बर्धन यांना क्षयाने गाठलं. तेव्हाच्या क्षयाचा अर्थ जुन्या पिढीला सांगावा लागत नाही. दीर्घ उपचार, शस्त्रक्रिया आणि मग एका फुफ्फुसावरचं आयुष्य. ज्याचा सगळा व्यवहारच श्वासावर चालतो, त्याच्यासाठी ही जवळपास शिक्षाच. पण अंथरुणातून उठल्यावर त्यांनी जुन्या सोबत्यांना गोळा केलं आणि १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ सुरू केला. गुल बर्धन, प्रभात गांगुली, नेपथ्य आणि वेशभूषा सांभाळणारे अप्पुन्नी कर्ता अशी माणसं त्यांच्याभोवती जमली.

‘रामायणा’ची कल्पना राजस्थानी कठपुतळीवरून सुचली. गावच्या जत्रेत बाहुल्यांचा खेळ लागलाय आणि त्या खेळात रामकथा चालू आहे, अशी मांडणी. वरवर सोपी वाटणारी ही युक्ती करायला फार कठीण आहे. नर्तकाचं सगळं शिक्षण हालचाल सलग वाहती ठेवण्याचं असतं. इथे ती मधेच तोडायची असते आणि तोडताना लय सांभाळायची असते. लाकडाला स्नायू नसतात. म्हणून प्रत्येक सांध्याला वेगळं वागायला शिकवावं लागतं, आणि उडी मारून खाली येताना गुडघ्याने झेल घ्यायचा नाही असं बजावावं लागतं. मुखवट्याआडून नर्तकाला फारसं दिसतही नाही. शेजारचा कुठे आहे हे तालावरून आणि पावलांच्या आवाजावरून ओळखायचं. हे सगळं जमलं की नवल घडतं. पोथीतली, कीर्तनातली, रामलीलेतली रामकथा पाठ असलेला प्रेक्षकही ती पहिल्यांदा पाहिल्यासारखी पाहू लागतो. नियतीच्या हातातल्या माणसांची गोष्ट सांगायला बाहुल्यांपेक्षा नेमकं रूप सापडणं अवघड.

त्यानंतर बर्धन यांनी ‘पंचतंत्र’ हाती घेतलं. कावळा, उंदीर, कासव आणि हरिण यांच्या मैत्रीची ती कथा. रामायणात माणसाचं लाकूड केलं होतं, इथे माणसाचे प्राणी करायचे होते. कावळ्याची तिरकी मान, उंदराची चाहूल घेत थबकणं, कासवाचा जडपणा, हरणाचं दचकणं हे सगळं पाहून, निवडून नृत्यात आणायचं. हे काम सुरू असतानाच सप्टेंबर १९५४ मध्ये शांती बर्धन गेले. तेव्हा त्यांची चाळिशीही उलटलेली नव्हती.

संस्थापक गेला की संस्था संपते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. या संस्थेची खरी कसोटी इथेच लागली. गुल बर्धन यांनी व्यवस्था खांद्यावर घेतली आणि नाचणंही सोडलं नाही. प्रभात गांगुली यांनी नव्या रचनांची बाजू सांभाळली. ‘पंचतंत्र’ रंगमंचावर आलं, दौरे सुरू झाले, दोन्ही प्रयोग परदेशांतही गेले. पण मुंबईत तालमीची जागा आणि कलावंतांचा महिन्याचा खर्च भागवत राहणं कोणत्याही नृत्यसंचाला जड जातं. १९६४ मध्ये संच ग्वाल्हेरला गेला आणि १९८४ मध्ये भोपाळला स्थिरावला. ‘रंगश्री लिटल बॅले ट्रूप’ हे नाव भोपाळच्या श्यामला हिल्सवर आजही परिचयाचं आहे. गुल बर्धन यांना २०१० साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. शांती बर्धन यांच्यानंतर तब्बल छप्पन वर्षं त्यांनी हे काम पुढे नेलं.

नृत्याची पोथी नसते. नाटकाची संहिता छापता येते, गाण्याचं ध्वनिमुद्रण ठेवता येतं. नाच मात्र एका अंगातून दुसऱ्या अंगात जावा लागतो. जुन्या रामाने नव्या रामाचं कोपर धरून ‘इथून उचल’ असं सांगावं लागतं. त्यासाठी दोन्ही राम एका छपराखाली, एका वेळी हजर असावे लागतात आणि दोघांच्या पोटाची सोय झालेली असावी लागते. पन्नास वर्षं उलटल्यावरही ‘रामायण’ रंगमंचावर येत राहिलं, त्याचं कारण रचनेच्या थोरवीइतकंच हे छप्पर आहे.

न्यूयॉर्कमध्येही अशीच एक संस्था आहे. टीना रामिरेझ यांनी १९७० साली ‘बॅले हिस्पॅनिको’ सुरू केली. काराकासमध्ये जन्मलेल्या या बाईंचे वडील मेक्सिकन बैलझुंजवीर होते आणि आई पोर्तो रिकोची. त्यांचं स्वतःचं शिक्षण फ्लामेंको, बॅले आणि आधुनिक नृत्य अशा तिन्ही प्रवाहांत झालेलं. स्पॅनिश बोलणाऱ्या गरीब वस्त्यांतली मुलं त्यांनी नाचाला लावली, आधी शाळा उभी केली आणि तिच्यातून नृत्यसंच. शहर ज्यांच्याकडे मजूर म्हणून पाहत होतं, त्यांची कला त्याच शहराच्या मोठ्या नाट्यगृहांत तिकीट लावून दाखवली. २००९ मध्ये त्यांनी सूत्रं एदुआर्दो विलारो यांच्याकडे सोपवली. क्यूबात जन्मलेले आणि ब्रॉन्क्समध्ये वाढलेले विलारो एके काळी याच संचात नाचत होते. रामिरेझ २०२२ मध्ये गेल्या आणि संच चालू आहे. अंधेरीतून निघालेल्या आणि मॅनहॅटनमध्ये उभ्या राहिलेल्या या दोन संस्थांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी दोघींची रीत एकच : लोकांची पावलं घ्या, त्यांना कडक तालीम द्या, नवीन काही सांगा आणि आपल्यामागे ते पुढे नेणारी माणसं तयार ठेवा.

रावेरात बसून हे लिहिताना या रीतीची उणीव फार जाणवते. मुंबईहून भोपाळ-ग्वाल्हेरकडे जाणारा लोहमार्ग भुसावळनंतर आपल्या रावेरवरूनच बऱ्हाणपूरकडे जातो. इथून उत्तरेला पाहिलं की सातपुडा. पायथ्याशी तडवी, पावरा, भिल्ल, बंजारा वस्त्या. होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारे ढोल वाजतात, कमरेच्या घुंगरांनी रान दणाणतं. अहिराणी मुलखात वहीगायन आहे, तमाशाचे फड आहेत. नाचाचं एवढं धन ज्या मुलखात आहे, त्या खानदेशाचा स्वतःचा एकही कायमस्वरूपी नृत्यसंच आपल्या डोळ्यांपुढे नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाच मिनिटांचं ‘आदिवासी नृत्य’ होतं. स्पीकरवर तयार गाणं, भाड्याचे कपडे, चेहऱ्याला काळा रंग. ज्यांचा तो नाच आहे त्या मुलांना तोंड काळं करून त्यांचाच नाच दाखवणं ही कला नव्हे, हा अपमान आहे आणि तो थांबला पाहिजे.

शांती बर्धन यांनी कठपुतळीवाल्याकडून घेतलं ते आदराने घेतलं. त्याचं निरीक्षण केलं, त्याच्या हाताचं कसब नर्तकांच्या सांध्यांत उतरवलं. आपल्याकडे सुरुवात लहानच करता येईल. जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे. तालुक्यांच्या गावी महाविद्यालयं आहेत, गणेश मंडळांकडे आणि यात्रा समित्यांकडे वर्गणीची ताकद आहे. पाड्यावरच्या जाणत्या नाचणाऱ्याला गुरू म्हणून बोलवावं, त्याला मानधन द्यावं, दहा-पंधरा मुलामुलींना वर्षभर एका जागी तालीम द्यावी आणि वर्षाकाठी एक नवी गोष्ट बसवावी. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातल्या मंडळांनी येत्या वर्षाच्या वर्गणीतला थोडा वाटा डीजेऐवजी या कामाला काढून ठेवावा, एवढीच विनंती. आणि कधी भोपाळला जाणं झालं, तर श्यामला हिल्सवर ‘रामायणा’चा प्रयोग आहे का याची चौकशी करा. असेल तर मुलांना घेऊन बघा.