मागच्या फळीवरचे गाणे

गुलमंडीतील कापडाच्या व्यापाऱ्याला ठाऊक असते, की एखादे उत्तम पोताचे ठाण वर्षभर मागच्या फळीवरच पडून राहते. मालात खोट नसते. गिऱ्हाईकाची नजर तेथवर पोहोचलेली नसते. गाण्यांचेही असेच होते. पॉप अल्बममधील दहा-बारा गाण्यांपैकी दोन-तीनच रेडिओकडे जातात. उरलेल्यांतील एखादे रसिकाला आवडते आणि तो ते संगणकावर नव्याने बांधतो. सुरुवातीचे संगीत आखूड करतो, ध्रुवपद पुढे आणतो, ताल ठळक करतो आणि लांबी तीन-साडेतीन मिनिटांवर आणतो. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढेच मावत असे. तीच सवय पुढे रेडिओला लागली.

आपल्याकडील बोलके उदाहरण 1981 च्या ‘ज्योती’ चित्रपटातील आहे. बप्पी लाहिरी यांच्या चालीवर लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘थोडा रेशम लगता है’ हे गाणे फारसे कोणाच्या स्मरणात नव्हते. 2002 मध्ये ‘ॲडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात तोच स्वर घुमला आणि ते तेथील पहिल्या दहांत पोहोचले. मूळ कर्त्यांचे नाव मात्र कोठेच नव्हते. 2003 मध्ये न्यायालयाने बप्पीदांचा उल्लेख केल्याविना विक्री करण्यास तात्पुरती मनाई केली. पुढे मात्र दावा टिकला नाही. चाल मोबदला घेऊन निर्मात्यासाठी रचलेली असल्याने मालकी संगीतकाराची नव्हती. 2010 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या वकिलाला झालेला दंडही कायम ठेवला.

येथे दोन खाती वेगळी दिसतात. एक मालकीचे, दुसरे कर्तृत्वाचे. आपल्या कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने हे अंतर काहीसे कमी केले. चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतील गीतकार-संगीतकाराचा समान वाटा आता करारानेही निर्मात्याला लिहून देता येत नाही.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी रात्री हेडफोन लावून असे गाणे घडवीत बसली असेल, तर रागावू नये. उपेक्षित गुण ओळखणे ही पारखच आहे. एवढेच विचारावे, ‘हे मूळचे कोणाचे?’ घरापुरता छंद निराळा. चारचौघांपुढे मांडायचे, तर मालकाची परवानगी आणि कर्त्याचे नाव, दोन्ही हवीत. दुसऱ्याच्या मालावर आपली चिठ्ठी चिकटवून विकणे आपल्या पेढीवर चालत नाही. गाण्यात तरी ते का चालावे?