विद्यापीठाची फी परवडते, पण वेळेचे काय? विद्यार्थी खरे काय सांगतात

पदवीचे शेवटचे सत्र संपत आले की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पुढे शिकायचे कुठे? खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक चकचकीत असते, पण फीचा आकडा पाहून घरातले गप्प होतात. मग सरकारी विद्यापीठाचे नाव पुढे येते. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या मुलांसाठी ते बहुतेक वेळा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असते. मराठवाडा, विदर्भ आणि खान्देशातूनही मुले इथे येतात.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर इमारतींचे फोटो आणि मानांकने दिसतात. तिथे दोन वर्षे काढलेली मुले मात्र वेगळे बोलतात. त्यांच्या बोलण्याचा सूर साधारण असा असतो: फी परवडते, माणसे चांगली भेटतात, डोके मोकळे होते, पण वेळ फार जातो. हा वेळ नेमका कुठे जातो आणि त्याचा फटका कोणाला बसतो, हे प्रवेश घेण्याआधीच समजून घेतलेले बरे.

एकाच नावाची दोन विद्यापीठे

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली. बॅ. मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. गणेशखिंडीतला परिसर सुमारे ४११ एकरांचा आहे.

मात्र 'मी पुणे विद्यापीठात शिकतो' असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण या परिसरात शिकत नाहीत. विद्यापीठाचे स्वतःचे विभाग गणेशखिंडीत आहेत आणि तिथे प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालते. बाकीचे लाखो विद्यार्थी तीन जिल्ह्यांतल्या शेकडो संलग्न महाविद्यालयांत असतात. त्यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, निकाल आणि पदवी प्रमाणपत्र.

म्हणूनच दोन विद्यार्थ्यांची मते इतकी टोकाची असतात. गणेशखिंडीतला विद्यार्थी ग्रंथालय, चर्चासत्रे आणि झाडीबद्दल बोलतो. संगमनेर किंवा मालेगावातला विद्यार्थी गुणपत्रिकेत नाव चुकले आणि दुरुस्तीसाठी पुण्याला किती खेपा झाल्या, ते सांगतो. नाशिक आणि अहिल्यानगरला उपकेंद्रे आहेत, तरी 'पुण्यालाच जावे लागेल' हे वाक्य अजून संपलेले नाही. कोणाचे मत ऐकताना आधी एक प्रश्न विचारावा: तू विभागात शिकलास की महाविद्यालयात?

गणेशखिंडीत काय मिळते?

विभागांत शिकलेली मुले पहिले नाव घेतात ते जयकर ग्रंथालयाचे. त्यानंतर इथल्या माणसांचे. एकाच बाकावर गडचिरोलीचा मुलगा, कोथरूडची मुलगी आणि आफ्रिकेतल्या एखाद्या देशातून आलेला विद्यार्थी बसलेला असतो. गावातून आलेल्या अनेकांना आपल्या जातीबाहेरचा, भाषेबाहेरचा जवळचा मित्र इथे पहिल्यांदा मिळतो. ही गोष्ट कोणत्याही मानांकनात मोजली जात नाही, पण विद्यार्थी ती आवर्जून सांगतात.

खगोलशास्त्राची 'आयुका' आणि रेडिओ खगोलशास्त्राची 'एनसीआरए' या संस्था याच परिसरात आहेत. तिथली सार्वजनिक व्याख्याने ऐकायला फी लागत नाही. अनिकेत कॅन्टीनमधल्या चहावर अनेकांचे प्रबंध उभे राहिले आहेत.

दुसरी बाजू शिक्षकांची आहे. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत प्राध्यापकांच्या मंजूर पदांची भरती वर्षानुवर्षे रखडली. रिकाम्या जागांवर कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात. ते मनापासून शिकवतात, हेही विद्यार्थीच सांगतात. पण पुढच्या वर्षी ते असतील याची खात्री नसते. संशोधन करू पाहणाऱ्याला मार्गदर्शक मिळणे त्यामुळे अवघड होते. केंद्राच्या 'एनआयआरएफ' क्रमवारीत २०२४ मध्ये राज्य सरकारी विद्यापीठांच्या गटात पुणे देशात तिसरे होते. २०२५ मध्ये ते पहिल्या दहातूनही बाहेर गेले. या घसरणीच्या चर्चेत शिक्षकांच्या रिक्त जागांचा मुद्दा सर्वात पुढे होता.

राहायचे कुठे?

प्रवेश मिळाल्याचा आनंद वसतिगृहाच्या यादीपर्यंतच टिकतो. अर्ज जास्त आणि जागा कमी, हे गणित दरवर्षीचे आहे. यादीत नाव न लागलेली मुले ओळखीच्या मुलाच्या खोलीत गादी टाकतात. अशा मुलाला वसतिगृहाच्या भाषेत 'पॅरासाइट' म्हणतात. हा शब्द चेष्टेचा वाटतो, पण तपासणी झाली की रात्री सामान उचलून बाहेर पडण्याची वेळ त्याच्यावर येते.

बाकीचे औंध, खडकी, शिवाजीनगर भागात कॉट बेसिसवर जागा शोधतात. एका खोलीत तीन-चार कॉट, वर डिपॉझिट आणि मेसचे पैसे वेगळे. वर्षाचा हिशेब मांडला तर राहण्या-जेवण्याचा खर्च विभागाच्या फीपेक्षा कितीतरी जास्त होतो. 'फी कमी आहे' हे खरे असले तरी 'शिक्षण स्वस्त आहे' असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

येण्याजाण्याचा त्रास वेगळाच. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या पुलासाठी २०२० मध्ये पाडला. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी आपली सगळी वर्षे त्या चौकातल्या कोंडीत काढली.

'निकाल लागला का?'

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ नये. विद्यार्थ्यांची सर्वात जुनी तक्रार याच मुदतीबद्दल आहे.

निकाल उशिरा का लागतो? एकाच विद्यापीठाला शेकडो महाविद्यालयांच्या परीक्षा घ्याव्या लागतात. वर्षात दोन सत्रे. त्यात जुन्या अभ्यासक्रमाचे बॅकलॉग आणि नव्या शैक्षणिक धोरणाचा नवा आराखडा एकाच वेळी चालतो. संलग्न महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमांत हे धोरण २०२४-२५ पासून आले. विषय वाढले, परीक्षा वाढल्या, पण उत्तरपत्रिका तपासणारे कायम शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत.

ही यंत्रणा कोलमडली की काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवले. उन्हाळी परीक्षेच्या लाखो उत्तरपत्रिका पुरेशा तयारीशिवाय संगणकावर तपासायला घेतल्या गेल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळता आली नाही. निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आले. तोपर्यंत अनेकांचे पुढचे प्रवेश हुकले होते आणि ते वर्ष त्यांना कोणी परत दिले नाही.

पुनर्मूल्यांकनाचा फेरा असाच. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा, प्रत्येक टप्प्याला शुल्क भरा. त्याचा निकाल येण्याआधीच पुढच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख येते. मग नापास दाखवलेल्या विषयाचा अर्जही भरून ठेवावा लागतो. नंतर त्याच विषयात पास झाल्याचे कळते, तेव्हा भरलेले पैसे आणि केलेला अभ्यास दोन्ही वाया गेलेले असतात.

वेळ नेमका कोणाचा जातो?

दोन महिने उशीर सगळ्यांना सारखाच होतो, असे वाटते. तसे नसते. ज्याचे घर पुण्यात आहे, तो दोन महिने घरी राहून वाट पाहतो. ज्याने कॉट घेतली आहे, त्याला दोन महिन्यांचे भाडे आणि मेस भरावी लागते. नोकरीचे पत्र हातात असलेल्याला कंपनी अंतिम गुणपत्रिका मागते. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणालाही मागच्या वर्षाचा निकाल लागतो. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला उशीर जास्त महाग पडतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्यांना पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. योजना चांगल्या आहेत, हे विद्यार्थी मान्य करतात. पण हप्ता येईपर्यंत घरमालक थांबत नाही, हे वाक्यही लगेच जोडतात. दरम्यानच्या काळात अनेकांना आधार असतो तो 'कमवा व शिका' योजनेचा. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत रोज काही तास काम आणि त्याचे मानधन. रक्कम मोठी नसते, पण मेसचे बिल निघते.

विद्यार्थ्यांचे ऐकतो कोण?

महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका १९९०च्या दशकात बंद झाल्या. २०१६च्या कायद्याने त्यांची दारे पुन्हा उघडली, पण प्रत्यक्ष मतदान रखडत राहिले. त्यामुळे आपला माणूस निवडून पाठवणे हा मार्ग आजच्या विद्यार्थ्याने पाहिलेलाच नाही. उरतो तो मोर्चा, निवेदन आणि समाजमाध्यमांवरचा संताप.

आणखी एक मार्ग आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठात लोकपाल असणे बंधनकारक आहे. निकालाला झालेला उशीर, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रे, रखडलेली शिष्यवृत्ती अशा तक्रारी तिथे करता येतात. समितीने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. मात्र 'गुण कमी पडले, पुन्हा तपासा' एवढ्या कारणावर लोकपाल अर्ज घेत नाहीत. त्यासाठी ठोस अनियमितता दाखवावी लागते.

प्रवेशापूर्वी काय विचाराल?

• विभागात कायम प्राध्यापक किती आहेत? मागच्या दोन वर्षांत शिकलेल्या विद्यार्थ्याला हे विचारा.

• मागच्या सत्राचा निकाल परीक्षेनंतर किती दिवसांनी लागला?

• वसतिगृह मिळाले नाही तर सहा महिन्यांचा खर्च हाताशी आहे का?

• महाडीबीटीवर आपल्या अभ्यासक्रमाला कोणती सवलत लागू आहे? शुल्कमाफी गृहीत धरू नका, यादीत अभ्यासक्रम तपासा.

• उत्पन्न, जात, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर दाखले आधीच काढलेत का? ऐन प्रवेशात सेतू केंद्रावर रांगा लागतात.

• प्रत्येक अर्जाची पोच आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तक्रार करताना तोच पुरावा असतो.

इतक्या तक्रारी करूनही बरेचसे विद्यार्थी धाकट्या भावंडाला याच विद्यापीठाचा अर्ज भरायला सांगतात. त्यांच्या ऐपतीत बसणारे आणि त्यांना पुढे नेणारे दुसरे ठिकाण फारसे नसते. त्यांची मागणी साधी आहे. कायद्यात लिहिलेले ४५ दिवस पाळा, रिकाम्या जागा भरा, राहायला कॉट द्या. बाकीची मेहनत करायला ते तयारच आहेत.