गाण्यास जावें तें सहकुटुंब

लग्नमुंजींच्या निमंत्रणपत्रिकेंत "सहकुटुंब सहपरिवार" हे शब्द असावयाचेच, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. ते गळले तर निमंत्रण अर्धेंच झालें असें मानून माणसें रुसतात. गाण्याच्या बैठकीची गोष्ट मात्र निराळी. तिचें निमंत्रण आलें म्हणजे घरांतील कर्त्या पुरुषानें दोन स्नेही बरोबर घ्यावे, जेवण लवकर उरकावें आणि निघावें. परत आल्यावर दार उघडण्यासाठीं कोणीतरी जागें असावें, एवढाच घराचा त्या गाण्याशीं संबंध! महाराष्ट्रांत गाण्याच्या निमंत्रणाला "सहकुटुंब" हा शब्द जोडला जाण्यास सुमारें पाऊणशें वर्षें लागलीं. आणि आज तिकिटें सर्वांस मोकळीं असूनही पुष्कळ घरांत तो व्यवहारांत पुरता उतरलेला नाहीं. तो उतरण्यांत केवळ करमणूक नसून घराचें खरें हित आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

पूर्वीं रागदारी गाणें हें दरबाराचें किंवा सरदार-सावकारांच्या दिवाणखान्याचें. देवळांतील कीर्तन सर्वांस मोकळें होतें. पण ख्यालाची बैठक म्हटली कीं ती निवडक पुरुषांची. सभ्य गृहस्थानें वारंवार गाण्यास जावें हेंच जेथें कौतुकाचें नव्हते, तेथें त्याच्या घरांतील स्त्रियांनीं जाण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. १८७४ सालीं पुण्यांत गायन समाज निघाला, १८८३ सालीं कोल्हापुरांत देवल क्लब निघाला, आणि सुशिक्षितांच्या पंक्तींत गाण्याला बसावयास पाट मिळाला. तरीही बायकामुलांच्या कानांवर राग पडले ते मुख्यतः रंगभूमीवरून. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत सौभद्र' १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. नाटकगृहांत स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असे. परंतु जागा होती, हें महत्त्वाचें. आपल्या पणज्यांना रागांचीं नांवें ठाऊक नसतील, पण नाटकांतील पदांच्या चाली त्यांना पाठ असत, आणि त्या चालींबरोबर राग न कळत घरांत शिरले.

पुढचें पाऊल विष्णु दिगंबर पलुसकरांनीं टाकलें. कुरुंदवाडास १८७२ सालीं जन्मलेला, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकलेला हा पुरुष १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करतो, आणि गाण्याचे जाहीर जलसे तिकिटें लावून करतो. तिकीट लावणें ही आज आपणांस क्षुल्लक गोष्ट वाटते. पण तिच्यांत मोठा अर्थ होता. दिवाणखान्यांतील बैठकीस मालकाची मर्जी लागे; तिकिटाच्या जलशास चार पैसे आणि सभ्य वर्तन एवढेंच पुरे. गाणें त्या दिवसापासून कोणा एकाच्या मर्जीचें राहिलें नाहीं. त्यानंतर १९२० पुढील दशकांत अब्दुल करीमखांसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर जाहीर जलशांतून गाऊं लागल्या. साध्या लुगड्यांत, हावभावांवांचून, गृहिणीच्या शालीनतेनें बसून गाणाऱ्या त्या गायिकेस पाहून श्रोत्यांतील कुटुंबवत्सल माणसास प्रथमच असें वाटलें असेल कीं, येथें आपल्या मुलीबाळींनीं येण्यास प्रत्यवाय नाहीं. गाणारी स्त्री व्यासपीठावर मानानें बसली, तेव्हांच ऐकणारी स्त्री समोर मानानें बसूं शकली.

या सर्व प्रयत्नांचें फळ पुण्यांत १९५३ सालीं दृष्टीस पडूं लागलें. आदल्या वर्षीं निवर्तलेल्या आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनीं आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या विद्यमानें तो उत्सव सुरू केला. कित्येक वर्षें तो रमणबागेच्या शाळेच्या पटांगणांत होत असे. २०१८ सालापासून तो मुकुंदनगरास गेला. थंडीच्या दिवसांत सतरंज्या, शाली, चहाच्या बाटल्या आणि डबे घेऊन निघालेलीं तीन-तीन पिढ्यांचीं कुटुंबें हें त्या उत्सवाचें नेहमींचें दृश्य. कलावंत मोठे असतात हें खरेंच. पण एवढा मोठा समुदाय तासन्‌तास मांडी घालून शांतपणें ऐकतो, हा त्या उत्सवाचा खरा अलंकार होय.

आतां कोणी म्हणेल, "गाणें ही एकांतांत ऐकण्याची वस्तु आहे, गर्दी कशाला?" या शंकेचें उत्तर आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत प्रेक्षकाचीं लक्षणें विस्तारानें सांगितलीं, आणि लगेच हेंही मान्य केलें कीं इतके सगळे गुण एका माणसांत एकत्र सांपडणें कठीण. तरुण शृंगारांत रमतात, जाणते शास्त्रार्थांत, शूर वीर-रौद्रांत, वृद्ध धर्मकथांत आणि विरागी मोक्षविचारांत. म्हणजे पुरा प्रेक्षक हा एक माणूस नसून तो समुदाय आहे! आतां आपल्या एकत्र कुटुंबाकडे पाहा. आजोबांचें लक्ष रागाच्या शुद्धतेकडे, वडिलांचें लयीकडे, आईचें बंदिशीच्या शब्दांकडे, तरुण मुलाचें तानेच्या झपाट्याकडे, आणि धाकट्याचें तबलजीच्या बोटांकडे. एका ओळींत बसलेलें असें घर म्हणजे भरतमुनींचा पूर्ण प्रेक्षकच नव्हे काय? घरीं परततांना प्रत्येकानें आपण काय ऐकलें तें सांगितलें, म्हणजे प्रत्येकाला पांचपट गाणें मिळतें.

दुसरें असें कीं, गाणें गळ्यानें शिकावें लागतें तसें तें कानानेंही शिकावें लागतें, आणि कानाची ही विद्या पुस्तकांतून येत नाहीं. मीं चौतीस वर्षें शाळेंत मुलांना संस्कृत शिकविलें. अनुष्टुभाचें लक्षण मुलगा पाठ करतो. पण छंद त्याच्या अंगांत भिनतो तो घरीं आजोबांच्या शेजारीं बसून स्तोत्र म्हणतांना. समेचेंही तसेंच आहे. एकतालाच्या बारा मात्रा फळ्यावर लिहून दाखवितां येतील, परंतु विलंबित ख्यालांत आलाप लांबत-लांबत जातो, तबल्याचें आवर्तन संपत येतें, आणि मुखडा घेऊन गवई नेमका समेवर येतो तेव्हां शेजारचे आजोबा मान हलवितात, पलीकडे काका "वाः!" म्हणतात, सगळा मंडप एकदम हालतो, त्या एका क्षणीं सहा वर्षांच्या पोराला सम म्हणजे काय तें कळतें आणि जन्मभर विसरत नाहीं.

यंत्रें या कामीं उपयोगी नाहींत असें मी म्हणत नाहीं. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे; तरी त्या तीन मिनिटांनीं केवढें काम केलें! अब्दुल करीमखांसाहेबांची तबकडी ऐकून अकरा वर्षांच्या भीमसेनानें गुरूच्या शोधार्थ घर सोडलें, हें सर्वश्रुत आहे. पण त्यानें काय केलें तें लक्षांत घ्यावें. तबकडी विकत घेऊन तो घरीं बसला नाहीं. जेथें तें गाणें प्रत्यक्ष मिळेल तेथें तो निघाला. तबकडीचें काम बोलावण्याचें. जेवण तेथें जाऊनच करावयाचें. आज मोबाइलवर तीन मिनिटेंच काय, तीन तासांचें गाणें फुकट मिळतें. परंतु घरांतील पांच माणसें पांच कोपऱ्यांत कानांत बोंडें घालून पांच निरनिराळीं गाणीं ऐकतात. अशा घरांत गाणें पुष्कळ असतें, पण चांगल्या जागेला "वाः!" म्हणून मागें वळून पाहावें तर शेजारीं कोणी नसतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. गाण्यास सगळें घर जावें हें सर्वांस मान्य असतें. पण "कोणीतरी घरीं राहिलेंच पाहिजे" हेंही सर्वांस मान्य असतें, आणि तें "कोणीतरी" बहुधा एकच माणूस असतें. आमच्या एका काकूंना माहेरीं पेटी शिकविली होती. लग्नानंतर सासूबाईंचें दुखणें, मुलांच्या परीक्षा आणि आलागेला यांत त्यांचीं तीस-पस्तीस वर्षें गेलीं. उत्सवाचें पटांगण घरापासून हाकेच्या अंतरावर. काका दरवर्षीं मित्रांसह जात. काकूंनीं कधीं तक्रार केली नाहीं, यावरून त्यांना हौस नाहीं असें घरानें धरून ठेविलें. एका वर्षीं काकांना बरें नव्हतें. तिकीट वायां जाऊं नये म्हणून थोरल्या सुनेनें काकूंना आग्रह करून नेलें. ख्याल सुरू झाल्यावर सुनेचें सहज त्यांच्या हाताकडे लक्ष गेलें. पदराआड अंगठ्यानें बोटांचीं पेरें मोजणें चाललें होतें. चार बोटांचीं बारा पेरें, एकतालाच्या बारा मात्रा. आणि दर आवर्तनाला समेवर अंगठा बिनचूक पहिल्या पेरावर. घरीं आल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "उद्यां कोण गाणार आहे?" दुसऱ्या दिवशीं काकांनीं स्वतः कुकर लावला आणि त्यांना वेळेवर धाडलें. पुढें काकू अकरा वर्षें एकही उत्सव चुकल्या नाहींत.

अशा काकू किती घरांत असतील! म्हणून माझी सूचना साधी आहे. उत्सव अनेक दिवसांचा असेल तर घरीं राहण्याची पाळी लावावी, आणि ती पुरुषांसही लावावी. त्या दिवशीं स्वयंपाक मुगाच्या खिचडीवर भागवावा. दुखणेकरी माणूस घरांत असेल तर शेजाऱ्याशीं अदलाबदल करावी; आज त्यांनीं आपलें घर पाहावें, उद्यां आपण त्यांचें. पूर्वीं रात्रभर चालणाऱ्या बैठका संसारी माणसास खरोखर अवघड होत्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं आल्यावर उघड्या मंडपांतील बैठकी बहुधा रात्रीं दहाच्या आंत आटोपूं लागल्या. उत्तररात्रीचे राग आणि पहांटेचा ललत त्यामुळें दुर्मिळ झाले, हें नुकसान मोठेंच. पण मुलेंमाणसें घेऊन जाणाऱ्यास सबब उरली नाहीं, हाही त्याचा दुसरा परिणाम.

मुलांविषयीं दोन शब्द. मुलास "हा कोणता राग?" असें विचारून मैफलीची परीक्षा करूं नये. त्याला ऐकण्यासाठीं एकच वस्तु द्यावी: पहिल्या दिवशीं नुसता तंबोरा. त्याच्या चार तारा कशा जुळवितात, घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी कशी खुलवितात, हें पाहण्यांत मुलें रंगून जातात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे तंबोरे घडवितात, आणि २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकन मिळालें, हेंही जातां-जातां सांगावें. मूल पेंगलें तर मांडीवर झोंपूं द्यावें. झोंपेंतही षड्ज कानांवर पडतोच. चुळबुळ करूं लागलें तर दोन रागांच्या मधल्या अवकाशांत बाहेर न्यावें, गाणें चालू असतां नव्हे. मोबाइल पिशवींत राहूं द्यावा; ज्यानें गाणें यंत्रांत भरून घेतलें त्यानें तें बहुधा ऐकलेलें नसतें.

स्नेह्यांविषयींही सांगावयास हवें. कुटुंबाबरोबर एखादा जाणता मित्र असावा; पण तो गाणें चालू असतां व्याख्यान देणारा नसावा. खरा जाणकार सुंदर जागेला नुसतें आपल्याकडे पाहतो, आणि सांगावयाचें तें मध्यंतरांत चहाच्या पेल्याबरोबर सांगतो. असा मित्र घरच्यांशीं दोन वर्षें गाण्यास आला म्हणजे तो मित्र राहत नाहीं, घरचाच होतो.

थंडीचे दिवस जवळ येत आहेत, आणि गांवोगांवच्या उत्सवांचीं पत्रकें थोड्याच दिवसांत निघतील. तिकिटें काढावयास बसाल तेव्हां प्रथम घरांतील माणसें मोजावीं. मोजतांना स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी.